माझ्या कथेतली मार्थाबाई शेवटी गात नाही: ख्रिस्ती माणसाने कथा लिहावी तरी कशी?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त.

बरेच महिने मनात घोळत असलेला प्रश्न आज मांडतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नगर जिल्ह्यातली. पणजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीत कथा लिहिते. गेल्या वर्षी मार्थाबाई नावाच्या एका म्हातारीवर कथा लिहिली. तिचा तरणाताठा मुलगा उसाच्या ट्रॉलीखाली जातो. त्या दिवसापासून तिची प्रार्थना बंद होते. पण रविवार ती चुकवत नाही. पांढरं धुवट लुगडं नेसून तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या कडेला जाऊन बसते. गीताचा क्रमांक सांगितला की 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडते, ओळीवर बोट ठेवते आणि मंडळी गात जाईल तसं बोट पुढे सरकवते. तोंड मिटलेलं. दोन वर्षं हे चाललंय. ते फक्त शेजारी बसणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीच्या लक्षात येतं. उत्तम शुक्रवार येतो, पुनरुत्थानाचा रविवार येतो. मार्थाबाई गात नाही. बोट सरकत राहतं. कथा संपते.

आधी ही कथा एका ख्रिस्ती मासिकाकडे पाठवली. संपादकांचं मायेनं पत्र आलं: कथा काळजाला भिडली, पण शेवटी मार्थाबाई गायला हवी, नाहीतर वाचकाने घरी काय न्यायचं? मग एका दिवाळी अंकाकडे पाठवली. तिथून निरोप: भाषा छान आहे, पण वातावरण वाचकाला परकं वाटेल, चर्चच्या जागी गावातलं देऊळ करता येईल का?

एकाला शेवट बदलून हवा, दुसऱ्याला चर्चच नको. मला दोन्ही जमेना. पण पहिल्या पत्राने झोप उडवली हे खरं, कारण माझा विश्वास मनापासूनचा आहे. मी रोज प्रार्थना करणारी बाई. मग माझ्या हातून न गाणारी मार्थाबाई का उतरली? श्रद्धा असलेल्या माणसाच्या कथेत श्रद्धा नेमकी कुठे असते?

निर्मळची_लेक

ताई, ते बोट! मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे अशी एक मावशी होती, रोझरीच्या वेळी मणी सरकवायची पण ओठ हलायचे नाहीत. आज तुमचं वाचून ती आठवली. शेवट बदलू नका.

इंद्रायणीकर

मी वारकरी घरातला, तेव्हा या विषयात पाहुणा. पण दिवाळी अंकवाल्यांचं म्हणणं मुळीच पटलं नाही. मला चर्च परकं आहे, म्हणून तर मला ते वाचायचंय. तिसरा बाक, खिडकी, गीताचा क्रमांक एवढ्यावर मी आत जाऊन बसलोसुद्धा. देवळात ही गोष्ट घडणारच नाही. देवळात सगळ्यांनी एकाच वेळी एकाच पुस्तकातून एकच ओळ गायची अशी रीत नसते. ती रीत आहे म्हणून तिचं न गाणं दिसतं.

सायंघंटा

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू आहे, मंडळीची सेवा करायला लागून बावीस वर्षं झाली. त्या संपादकांची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

असल्या मासिकाचा वाचक कोण असतो? दवाखान्यात आईच्या उशाशी बसलेला मुलगा. नवरा गेलेली, पोरं शहरात गेलेली बाई. मी अशा घरांत जातो. टेबलावर बायबल, चष्मा आणि ते मासिक, एवढंच असतं. मुलगा गमावलेल्या आईने तुमची कथा वाचली आणि तिला वाटलं की मार्थाबाईला सुटका नाही तर मलाही नाही, तर? लिहिणाऱ्याचं स्वातंत्र्य मला मान्य आहे. पण शब्दाचा हिशोब द्यावा लागतो हेही आपणच शिकवतो ना? आशा हा आमच्या विश्वासाचा गाभा आहे. ती शेवटी डकवायची गोष्ट नव्हे, मान्य. पण ती मुळातच नसेल तर त्या कथेला ख्रिस्ती का म्हणायचं?

कठोर वाटलं तर क्षमा करा. कथा मला मनापासून आवडली, म्हणूनच इतकं लिहिलं.

मुळाकाठ

पाळकसाहेब, क्षमा कसली. याच प्रश्नाने माझी झोप गेलीय. तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं.

जुनी_पानं

ग्रंथालयात हयात गेली, त्यामुळे जरा मागे जातो.

हा प्रश्न मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती 'यमुनापर्यटन' १८५७ ची, आणि लिहिणारे बाबा पदमनजी हे तीनच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेले तरुण. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, जागोजागी विधवा भेटतात, आपली कहाणी सांगतात. ते पुस्तक मी तरुणपणी एकदा आणि निवृत्तीनंतर एकदा वाचलं. दोन्ही वेळा एकच अनुभव: वपनाची धास्ती घेतलेली बाई बोलू लागते तेव्हा अंगावर काटा येतो, आणि लेखक स्वतः बोलू लागतो तेव्हा पानं उलटावीशी वाटतात. दोन्हीकडे लेखकाचा विश्वास तोच आहे. फरक इतकाच की पहिल्या ठिकाणी त्या विश्वासाने त्याला ऐकायला बसवलंय आणि दुसऱ्या ठिकाणी बोलायला उभं केलंय.

मुळाकाठताई, तुम्ही मार्थाबाईचं ऐकलंत. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दिसतं.

निर्मळची_लेक

जुनी_पानं काका, ऐकायला बसवणं आणि बोलायला उभं करणं, हे मी वहीत लिहून घेतलं.

एक वेगळी गोष्ट सांगते. आमच्याकडची माणसं इतरांच्या कथेत येतात ती कशी? गळ्यात सोन्याचा क्रूस, हातात बाटली, तोंडी मोडकं हिंदी. बाई असेल तर फ्रॉक घातलेली सेक्रेटरी. माझे आजोबा केळीच्या बागेत पाणी सोडणारे शेतकरी होते. सामवेदी बोली बोलायचे, धोतर नेसायचे, पहाटेच्या मिस्सेला अनवाणी जायचे. त्यांना मराठी कथेत पाहिल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी लिहायला लागले. पण लिहायला बसलं की दुसरीच पंचाईत. बाहेरच्यांनी इतकं वाईट रंगवलंय म्हटल्यावर आपण तरी आपली माणसं चांगलीच दाखवावीत असं वाटतं. माझ्या पहिल्या चार कथांत एकही ख्रिस्ती माणूस खोटं बोलत नाही! चारही कथा निर्जीव. पाचव्या कथेत आजोबा शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी रात्री चोरून आपल्या बागेत वळवतात आणि सकाळी मिस्सेला जातात. ते लिहिताना हात थरथरत होता, पण आजोबा जिवंत झाले.

रात्रपाळी

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि रविवारी संडे स्कूलमध्ये शिकवतो. लिहितो मात्र गुन्हेकथा. माझ्या कथेतला खुनी शिव्या देतो, कारण तसला माणूस तशाच देतो. आईने पहिलं प्रकरण वाचलं आणि वही मिटून ठेवली. काही बोलली नाही. त्या रात्री ताटात भाजी जरा कमीच पडली.

मला कुणी सांगेल का, ख्रिस्ती माणसाने शिवी लिहावी का? रक्त किती दाखवावं?

गव्हाचा_दाणा

रात्रपाळी, आईला बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला दे, आणि तू शेजारी बस. लेव्याच्या उपपत्नीची ती हकीकत वाचून मी आठवडाभर अस्वस्थ होतो. तिथे लेखक डोळे झाकत नाही, आणि मिटक्याही मारत नाही. ती बाई दाराशी पडलेली आहे आणि तिचे हात उंबरठ्यावर आहेत. इतकंच लिहिलंय. हात उंबरठ्यावर. रक्त किती याचं उत्तर मला तिथे मिळालं: मेलेल्या बाईचा मान राहील इतकं.

शिव्यांचं म्हणशील तर, खुनी शिवी देतो का तू देतोस, हे वाचकाला बरोबर कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे. आपण ज्याला प्रभू म्हणतो तो स्वतः गोष्टी सांगायचा, आणि त्या कशा सांगायचा हे आपण पुरेसं पाहत नाही असं मला वाटतं. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला पाठ आहे. धाकटा परत येतो, बाप धावत जातो, झगा, अंगठी, पायतण, पुष्ट वासरू. आपल्या बहुतेक उपदेशांत गोष्ट इथेच संपते. पण ती इथे संपत नाही. थोरला शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, रुसून बाहेरच उभा राहतो. बाप पुन्हा घराबाहेर येतो, विनवतो. आणि गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही, येशू सांगत नाही. सांगू शकला असता. समोर कुरकुरणारे परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्माचे कडक पुढारी, बसलेले. शेवट त्यांच्या हातात ठेवून तो गप्प झाला.

मार्थाबाई बाहेर उभ्या थोरल्यासारखी आहे. ती आत गेली असं लिहिलं तर वाचकाचं काम लेखकाने करून टाकल्यासारखं होईल.

आणि योहानाच्या शुभवर्तमानात बघा. येशूचा शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणतो तेव्हा आवारात कोळशाचा विस्तव असतो. पुढे तळ्याच्या काठी येशू त्याला 'माझ्यावर प्रेम करतोस का' असं तीनदा विचारतो, तेव्हाही समोर कोळशाचा विस्तव आणि त्यावर मासळी. 'पेत्राला ती रात्र आठवली' असं कुठेही लिहिलेलं नाही. विस्तव ठेवलाय, बस्स. कथा लिहिणाऱ्याने याहून जास्त काय शिकायचं?

पाळकसाहेब, आपल्या स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात संपतं. ते कुणी पुस्तकातून काढून टाकलं नाही.

सायंघंटा

गव्हाचा_दाणा, तुम्ही फार नेमकं बोट ठेवलंत. थोरल्या भावावर मी आठ-दहा वेळा तरी उपदेश केला असेन. गोष्ट अर्धी सोडलीय हे दरवेळी सांगितलं, पण कथाकाराच्या बाजूने त्याकडे पाहिलं नव्हतं.

पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राबाबत एक म्हणतो. ते अंधारात संपतं हे खरं, पण ते पहिल्या ओळीपासून देवालाच उद्देशून आहे. तो माणूस ओरडतोय, भांडतोय, पण तोंड देवाकडे आहे. मार्थाबाई बोलतच नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

इंद्रायणीकर

पाळकसाहेब, आमचे तुकोबाही विठ्ठलाशी इतके भांडले की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावेत. देव मेला असं म्हणण्यापर्यंत गेले. त्यांना कुणी संप्रदायाबाहेर काढलं नाही. भांडण हे नातं असतं, इथपर्यंत तुमचं पटलं.

पण न बोलणं हेसुद्धा भांडणच नाही का? माझी आई माझ्या वडिलांशी सहा महिने बोलत नव्हती. जेवायला मात्र वेळेवर वाढायची. ते घर सोडून जाणाऱ्या बाईचं लक्षण नव्हतं.

जुनी_पानं

इंद्रायणीकर, तुकोबांचं नाव काढलंत म्हणून सांगतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. अभंग त्यांनी सोडला नाही, ओवी सोडली नाही. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. त्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोल इथे फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. माणूस इंग्रज, पण दहा हजारांहून अधिक ओव्या मराठीत. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला त्याला संकोच वाटला नाही. परकं वातावरण म्हणणाऱ्या संपादकांना हे सांगावंसं वाटतं की हे वातावरण मराठीत चारशे वर्षं आहे.

आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. ती कथा नव्हे, पण कथा लिहिणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ती वर्षातून एकदा वाचावी असं माझं मत आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या कोसळल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी आपलं सोवळं घेऊन आल्या, आणि ते कसं गळत गेलं हे त्या पायरी पायरीने सांगतात. टिळकांचा संताप लपवत नाहीत, त्यांचं प्रेमही लपवत नाहीत. पुस्तक लिहिलं तेव्हा त्या पक्क्या ख्रिस्ती होत्या, म्हणून आधीच्या लक्ष्मीबाईंना त्यांनी मूर्ख ठरवलं नाही. ख्रिस्ती होण्याआधीची ती बाई तितक्याच आदराने उभी केलीय.

निर्मळची_लेक

जरा विषयांतर, पण लिहिताना रोज अडते म्हणून विचारते. शब्द कुठले वापरायचे? आम्ही क्रूस म्हणतो, तुम्ही प्रॉटेस्टंट वधस्तंभ म्हणता. आमची मिस्सा, तुमची उपासना. आमचे फादर, तुमचे पाळक. 'मंडळी' हा शब्द तुमच्याकडे चर्चसाठी वापरतात हे मला मोठेपणी कळलं. कथेत मिस्सा लिहिलं की पुण्याचे संपादक विचारतात, तळटीप द्याल का?

रात्रपाळी

तळटीप नको! पंगत, काकडआरती, सोवळं हे शब्द मी लहानपणी तळटीप न घेता शिकलो. कथेत दोनदा आले की कळतात.

मुळाकाठ

रात्रपाळीशी सहमत. शब्द ज्याचा त्याच्या तोंडी असला की अडत नाही. माझी मार्थाबाई 'पाळकसाहेब' म्हणते, तिची सून 'पास्टर' म्हणते, नातू 'पास्टर अंकल'. तीन पिढ्या कळल्या, वेगळं सांगायला नको.

नाताळाचंही तसंच. आमच्या नगरकडे नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अगदी दिवाळीसारखा फराळ. केक हल्ली आला. एका ओळखीच्या लेखकाने ख्रिस्ती घरातला नाताळ लिहिला तर त्यात शेकोटी, टर्की आणि वाइन! मी त्यांना घरी बोलावलं आणि अनारशांचं ताट पुढे केलं.

धाकटी_पाती

बरेच दिवस इथे नुसतं वाचतो. आज लिहितो.

गव्हाचा_दाणा यांनी दाखला हा शब्द वापरला आणि मी थबकलो. आमच्या घरात दाखला म्हटलं की दोन गोष्टी येतात. एक येशूने सांगितलेला, दुसरा तहसील कचेरीतून काढलेला जातीचा. आम्ही मराठवाड्यातले. पणजोबा महारवाड्यातून मिशनमध्ये आले. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्याला आजही नाहीत. आता धर्म बदलला म्हणून गावाने पणजोबांना आपल्या पाणवठ्यावर घेतलं का? नाही. म्हणून कित्येक घरांत माणसाला दोन नावं असतात. शाळेच्या रजिस्टरात एक, चर्चच्या रजिस्टरात एक. हे आम्ही मोठ्याने बोलत नाही.

मी यावर कथा लिहिली. एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जातो, त्याला नावाने हाक मारतात आणि तो उठत नाही, कारण ते नाव त्याने घरात कधी ऐकलेलंच नाही. माझ्या मते ही मी लिहिलेली सगळ्यात खरी गोष्ट. वडिलांनी वाचली. डोळ्यांत पाणी आलं. आणि म्हणाले, छापू नकोस बाबा.

माझा प्रश्न मुळाकाठताईंच्या उलटा आहे. त्यांना शेवट खोटा करायला सांगतात. मला खरं लिहिलेलं पुरून ठेवायला सांगतात, आणि सांगणारा माणूस माझ्यावर प्रेम करणारा आहे. खरं बोला हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

गव्हाचा_दाणा

दादा, यावर घाईने काही लिहू नये असं वाटतं. तुमच्या वडिलांचं म्हणणं मोडून छापा असं मी कधीच म्हणणार नाही.

सायंघंटा

धाकटी_पाती, तुमची पोस्ट वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. माझ्या रजिस्टरात अशी नावं आहेत. मी स्वतः लिहिली आहेत.

एक सुचवू? दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला, पण त्याने दावीदाचं नाव घेतलं नाही, उरीयाचं नाही, बथशेबेचंही नाही. गरिबाची एक मेंढी, तिला तो आपल्या ताटातलं भरवी, ती त्याच्या उराशी निजे, आणि एका श्रीमंताने ती हिसकावली, एवढंच सांगितलं. दावीद रागाने लाल झाला आणि मगच नाथानाने सांगितलं की तो माणूस तूच. कुणाच्याही घराचं दार न उघडता त्याने सगळं उघड केलं. तुमच्या कथेत तुमचं घर ओळखू येतं म्हणून वडील घाबरलेत का? की विषयालाच घाबरलेत? पहिलं असेल तर गाव, नोकरी, काळ सगळं बदला. तो मुलगा हाकेला उठत नाही हे मात्र ठेवा. दुसरं असेल तर थांबा. वाट बघणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

धाकटी_पाती

पाळकसाहेब, घर ओळखू येतं म्हणूनच. मुलाखतीऐवजी दवाखाना करता येईल. बाहेर रांगेत बसलाय, आतून नाव पुकारतात आणि त्याचा नंबर निघून जातो. लिहून बघतो. आभार.

जुनी_पानं

दवाखाना उत्तम. तिथे नाव चुकलं तर जीवावर बेततं.

निर्मळची_लेक

२०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, आमच्या वसईचे फादर दिब्रिटो अध्यक्ष होते. त्या वेळी एक बाई मला म्हणाल्या, तुमच्यात मराठी एवढं चांगलं बोलतात हे माहीत नव्हतं. मनात होतं की सांगावं, आमच्यात चोरून पाणीही वळवतात, रुसतातही, सहा सहा महिने बोलत नाहीत. तुमच्यासारखंच. धाकटी_पाती दादा, तुमची कथा छापून येईल तेव्हा इथे नक्की कळवा.

इंद्रायणीकर

मुळाकाठताई, मूळ प्रश्नाचं काय झालं? मार्थाबाईचं काय ठरलं?

मुळाकाठ

सांगते. गेले चार दिवस सगळ्यांच्या पोस्टी वाचतेय.

पाळकसाहेब म्हणाले, स्तोत्रकर्त्याचं तोंड देवाकडे आहे, मार्थाबाईचं नाही. मी यावर फार विचार केला. मग माझ्याच कथेत काय आहे ते पुन्हा पाहिलं. ती घरी राहू शकली असती. दोन वर्षांत शंभराच्या वर रविवार होतात. प्रत्येक वेळी लुगडं धुतलं, वाळवलं, नेसलं, दीड मैल चालली. ओळ न चुकता बोट सरकवलं. हे सगळं मीच लिहिलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं. ती प्रार्थना आहे की नाही, मला ठाऊक नाही. आणि कथेत मी ते ठरवणार नाही.

शेवट बदलला नाही. पण मधली एक जागा बदलली. आधी त्या पोरीच्या मनात मी एक वाक्य घातलं होतं, की देव मार्थाआजीला विसरलेला नाही. ते माझं वाक्य होतं, पोरीचं नव्हतं. मी मार्थाबाईसाठी घाबरले म्हणून ते घातलं होतं. ते काढलं आणि हे लिहिलं:

"तिसऱ्या कडव्याला मार्थाआजीचं बोट थांबलं. पोरीनं पाहिलं, पान फाटलेलं होतं, खालच्या दोन ओळी नव्हत्याच. मंडळी पुढे गात गेली. आजीचं बोट फाटक्या काठावर तसंच. पोरीनं आपलं पुस्तक हळूच सरकवून आजीच्या मांडीवर ठेवलं. बोट थोडा वेळ हललं नाही. मग नव्या पानावर आलं आणि शेवटच्या ओळीला जाऊन मंडळीला गाठलं. दानाची थैली आली तेव्हा आजीनं पदराची गाठ सोडून पाच रुपयांचं नाणं टाकलं आणि शेजारच्या माणसाकडे थैली दिली."

रात्रपाळी

फाटक्या काठावर बोट. हे आज आईला वाचून दाखवतो.

सायंघंटा

ताई, मी माझं मागे घेतो असं म्हणणार नाही. तो मासिक वाचणारा मुलगा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पण ही कथा मी त्याच्या टेबलावर ठेवेन. परवानगी असेल तर आमच्या बुधवारच्या महिला सभेत वाचायला मागतोय. त्या सभेत तीन मार्थाबाई आहेत. त्या गातात की नाही, हे मी बावीस वर्षांत कधी पाहिलेलं नाही, कारण मी पुढे उभा असतो आणि माझे डोळे पुस्तकात असतात.

मुळाकाठ

परवानगी कसली, पाळकसाहेब. आजच पाठवते. वाचून झाल्यावर त्या काय म्हणाल्या ते मात्र सांगा, चांगलं-वाईट जे असेल ते.

गव्हाचा_दाणा

एक बारीकशी चूक दाखवू का? आजी तिसऱ्या बाकावर, शेजारी पोरगी. मग थैली 'शेजारच्या माणसाकडे' कशी गेली? तुमच्या नगरकडच्या जुन्या चर्चमध्ये बाया एका बाजूला आणि बाप्ये दुसऱ्या बाजूला बसतात ना? आमच्याकडे अजून तसंच आहे.

मुळाकाठ

अगं बाई, खरंच की! आणि आजी तर खिडकीच्या कडेला, म्हणजे थैली तिच्यापर्यंत येऊन परत फिरणार. पोरीकडून येईल आणि पोरीकडेच जाईल. बदलते.